डिजिटल फोटोला जीर्ण पोत देताना टेक्श्चर चिकटवल्यासारखं का दिसतं?

प्रश्न असा आहे: "आजोबा खिडकीशी बसलेले असताना डिजिटल कॅमेऱ्यानं त्यांचं पोर्ट्रेट काढलं. ते हाताळून जीर्ण झालेल्या जुन्या प्रिंटसारखं दिसावं म्हणून पोपडे आलेल्या भिंतीचं एक टेक्श्चर (पोताचं चित्र) डाउनलोड केलं आणि वरच्या लेयरवर, म्हणजे फोटोवरच्या वेगळ्या थरावर, ठेवलं. दोन थर मिसळण्याचा मोड ओव्हरले, ओपॅसिटी (थराचा ठळकपणा) ६० टक्के. पण फोटो जुना वाटत नाही, मळक्या काचेआडून पाहिल्यासारखा वाटतो. आजोबांच्या गालावर तडे गेलेत आणि कातडीचा रंग हिरवट झालाय. शिवाय कंप्युटरवर छान दिसणारा ग्रेन (फिल्मसारखा कणीदारपणा) मोबाइलवर पाठवला की गायब होतो. काय चुकतंय?"

चूक ओपॅसिटीच्या आकड्यात नाही. ६० चे ४० केले तर काच थोडी कमी मळकी दिसेल, एवढंच. खरी अडचण ही की त्या फोटोचं काय झालं होतं, हे न ठरवताच त्यावर खुणा उमटवल्यात. मी मुख्यतः खराब झालेले जुने फोटो दुरुस्त करतो, आणि नव्या फोटोंना जुना पोत देण्याचं काम त्यातूनच माझ्याकडे आलं. दुरुस्तीत प्रत्येक डागाला आधी एकच गोष्ट विचारावी लागते: तू कशामुळे पडलास? पाण्यानं, बुरशीनं, डिंकानं की घडीनं? पोत चढवताना हाच प्रश्न उलट्या बाजूनं विचारायचा.

आत्ता माझ्या टेबलावर पोस्टकार्डाएवढा एक कृष्णधवल प्रिंट आहे. दिव्याखाली तिरका धरला की कडेच्या गडद भागावर आरशासारखी निळसर-रुपेरी झाक चमकते. मध्यभागी ती नाही. जिलेटिनच्या थरातली चांदी हवेनं आणि दमटपणानं हळूहळू पृष्ठभागाकडे सरकते, आणि हवा शिरते ती कडेकडूनच. उजवा खालचा कोपरा अंगठ्याएवढ्या जागेत गुळगुळीत आणि मळका झालाय, कारण हातात घेणारा प्रत्येक जण प्रिंट तिथेच धरत आलाय. डाव्या वरच्या कोपऱ्याला घडी पडलीय. भिंगातून पाहिलं तर ती अखंड रेघ नाहीच. काही ठिकाणी वरचा थर नुसता वाकलाय, काही ठिकाणी तो तडकून आतले कागदाचे पांढरे तंतू उघडे पडलेत, आणि त्या तंतूंत काळपट मळ बसलाय. घडीच्या एका अंगाला बारीक उजळ कड आहे, दुसऱ्या अंगाला तेवढीच बारीक सावली. फोटोतले चेहरे मात्र बऱ्यापैकी शाबूत आहेत, कारण माणसं फोटो कडेनं धरतात.

आता तुमचं पोर्ट्रेट यासमोर ठेवून बघा. तुमच्याकडे कडा कोऱ्या करकरीत आहेत आणि सगळी पडझड चेहऱ्यावर झालीय. डोळ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं ते हेच.

म्हणून आधी सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि हा प्रिंट कुठे राहिला असेल ते ठरवा. अल्बममध्ये राहिला असेल तर कोपऱ्यांच्या खाचांखाली झाकलेला भाग मूळ रंग धरून असतो, आणि मागच्या डिंकाचे पिवळे डाग पुढे झिरपलेले असतात. पाकिटात राहिला असेल तर मधोमध एक घडी, कोपरे गोल झिजलेले आणि पृष्ठभाग घासून मंद झालेला. फ्रेममध्ये भिंतीवर राहिला असेल तर पुठ्ठ्याखाली दबलेली पट्टी ताजी आणि उजेडात असलेला बाकी फोटो विटलेला. यातली एकच कहाणी निवडा. तिन्ही एकत्र केल्या की फोटो जुना न दिसता नुसता घाण दिसतो.

कहाणी ठरली की लेयरचा क्रम आपोआप ठरतो, कारण तो त्या प्रिंटच्या आयुष्याचाच क्रम आहे. आधी फोटो टिपला गेला, म्हणून ग्रेन मूळ प्रतिमेला चिकटून सगळ्यात खाली. मग निगेटिव्हवरून प्रिंट निघाला, म्हणून त्यावर निगेटिव्हवरची धूळ आणि चरे. मग वर्षं गेली, काळा रंग उडाला, कागद पिवळा पडला, म्हणून त्यावर कर्व्ह (उजेड-काळोखाच्या पातळ्या बदलणारी रेघ) आणि रंगाचे लेयर. आणि शेवटी हातांनी आणि पेट्यांनी केलेलं नुकसान: घड्या, ओरखडे, डाग, घासलेल्या कडा. हे सगळ्यात वर.

हा क्रम मोडला की काय होतं ते ग्रेनमध्ये लगेच दिसतं. बहुतेक जण सगळं काम संपल्यावर शेवटी ग्रेन टाकतात, आणि तो घडीच्या पांढऱ्या रेघेवरही पसरतो. पण घडीच्या जागी प्रतिमेचा थरच उडालाय, तिथे ग्रेन येणार कुठून? तिथे कागदाचे तंतू दिसायला हवेत. १०० टक्क्यांवर झूम करून पाहिलं तर या एका गोष्टीवरून मला कळतं की काम करणाऱ्यानं खरा जुना फोटो कधी जवळून पाहिलाय की नाही.

धूळ आणि चऱ्यांचंही तसंच. निगेटिव्हवर धुळीचा कण किंवा केस बसला तर तिथून प्रकाश अडतो आणि प्रिंटवर तो पांढरा उमटतो. निगेटिव्हच्या चांदीच्या बाजूचा थर खरवडला गेला तर तिथून जास्त प्रकाश जातो, म्हणून प्रिंटवर ती रेघ काळी येते. प्रिंटलाच ओरखडा गेला तर आतला कागद दिसतो, म्हणजे रेघ कागदाच्या रंगाची. बाजारात मिळणाऱ्या टेक्श्चरमध्ये सगळे ओरखडे सरसकट शुभ्र पांढरे असतात. तुमचा कागद पिवळट झाला असेल आणि ओरखडा दुधासारखा पांढरा असेल तर तो कालच पडल्यासारखा दिसतो. ओरखड्यांच्या लेयरला कागदाचाच रंग द्या, थोडा उजळ, बस्स.

आता भिंतीच्या टेक्श्चरबद्दल. भिंतीचे पोपडे कागदी फोटोवर कधीच पडत नाहीत, त्यामुळे जुन्या प्रिंटसाठी ते टेक्श्चर बाजूलाच ठेवा. पण भिंत वापरायचीच असेल, म्हणजे आजोबांची प्रतिमा जणू भिंतीवरच रंगवली होती आणि आता ती उडत चाललीय असं दाखवायचं असेल, तर तेही सुंदर काम होऊ शकतं. त्याची पद्धत मात्र वेगळी. तिथे टेक्श्चर फोटोच्या वर न ठेवता फोटोच्या मास्कमध्ये, म्हणजे लेयरचा कोणता भाग दिसेल ते ठरवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या झाकणात, घालायचं. जिथे गिलावा पडलाय तिथे मास्क काळा, म्हणजे प्रतिमाच नाही आणि खालची वीट दिसते. जिथे रंग शाबूत आहे तिथे मास्क पांढरा. मग उरलेल्या प्रतिमेला डिस्प्लेस फिल्टरनं भिंतीच्या उंचसखलपणाप्रमाणे किंचित सरकवा. किती सरकवायचं हे भिंतीच्या राखाडी प्रतीवरून ठरतं, तोच या फिल्टरचा नकाशा. त्या नकाशात मधला राखाडी म्हणजे शून्य सरक, त्याहून उजळ असेल तर एका दिशेला, गडद असेल तर उलट दिशेला. नकाशा आधी दोन-तीन पिक्सेल ब्लर करून घ्या, नाहीतर कडा दातेरी होतात. आणि भिंतीवर उजेड कुठून पडलाय ते पाहा. तुमच्या खिडकीचा उजेड डावीकडून येत असेल आणि पोपड्यांच्या सावल्या डावीकडेच पडत असतील तर टेक्श्चर आडवं उलटवून घ्या. एका क्लिकचं काम आहे, पण ते राहून जातं आणि मग चित्र काही केल्या जुळत नाही.

मळक्या काचेचं कारण ब्लेंड मोडच्या, म्हणजे वरचा लेयर खालच्यात कसा मिसळतो त्याच्या, गणितात आहे. ते एकदा समजून घेतलं की डोळे मिटून मोड बदलत बसावं लागत नाही. मल्टिप्लायमध्ये पांढरा रंग काहीच करत नाही, बाकी सगळे रंग काळोख वाढवतात. स्क्रीनमध्ये काळा काहीच करत नाही, बाकी सगळे उजेड वाढवतात. ओव्हरले आणि सॉफ्ट लाइटमध्ये बरोबर मधला राखाडी, म्हणजे काळा शून्य आणि पांढरा २५५ धरला तर १२८, काहीच करत नाही. त्याहून उजळ भाग फोटो उजळवतो, गडद भाग गडद करतो. आता समजा तुम्ही जुन्या कागदाचा स्कॅन मल्टिप्लायवर ठेवला आणि त्या कागदाचा सरासरी उजळपणा २०० आहे. २५५ पैकी २०० म्हणजे तुमचा संपूर्ण फोटो एका फटक्यात जवळपास २२ टक्के काळवंडला, आणि त्यात पोताचा काही वाटा नाही, नुसता काळोख. मग माणूस ओपॅसिटी कमी करतो, काळोखाबरोबर पोतही जातो, आणि शेवटी हाती उरतं ते धुरकट काहीतरी.

उपाय सोपा आहे. टेक्श्चर त्या मोडच्या "काहीच न करणाऱ्या" रंगावर आणून ठेवायचं. मल्टिप्लायसाठी लेव्हल्समध्ये (काळ्या-पांढऱ्याची टोकं ठरवणारं साधन) पांढरा स्लायडर आत ओढा, कागदाचा मोकळा भाग २५५ ला टेकेपर्यंत. स्क्रीनसाठी काळा स्लायडर आत ओढा, पार्श्वभूमी शून्य होईपर्यंत. ओव्हरले किंवा सॉफ्ट लाइटसाठी टेक्श्चरचा रंग काढून टाका आणि हाय पास फिल्टर चालवा, त्रिज्या मोठी, १०० ते २०० पिक्सेल. त्यानं सरासरी आपोआप मधल्या राखाडीवर येते आणि टेक्श्चर काढताना एका कोपऱ्यात जास्त पडलेला उजेडही सपाट होतो. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हेच करायचं तर टेक्श्चरची ब्लर केलेली प्रत वर ठेवून ग्रेन एक्स्ट्रॅक्ट मोड लावा, परिणाम तोच. यानंतर तुम्हाला दिसेल की सॉफ्ट लाइटवर १०० टक्के ओपॅसिटी ठेवूनही फोटोचा एकंदर उजळपणा हललेला नाही, फक्त पोत आलाय. काच गेली.

हिरवट कातडीचाही उलगडा यातच झाला. भिंतीच्या शेवाळी रंगाचं टेक्श्चर रंगासकट लावलं होतं, तो रंग गालावर उतरला. माझा नियम असा की टेक्श्चरमधून फक्त पोत घ्यायचा आणि रंग मी वेगळ्या लेयरवर, स्वतः ठरवून देतो. दोन्ही एकाच लेयरकडून घेतले की एक कमी करताना दुसराही कमी होतो आणि हातातलं नियंत्रण जातं.

रंग कसा द्यायचा? "सेपिया" बटण दाबू नका. ते सगळ्या फोटोवर एकसारखा तपकिरी थर देतं. जुना कृष्णधवल प्रिंट तसा नसतो. त्यात आधी पिवळा पडतो तो कागद, म्हणजे उजळ भाग. गडद भागात भरपूर चांदी असते, तो बराच काळ तग धरतो. आधी विरतात ते उजळ भागातले बारीक तपशील, पांढऱ्या कपड्यावरची सुरकुती, कपाळावरची नाजूक छटा. म्हणून कर्व्हमध्ये मी सुरुवात अशी करतो: एकत्रित कर्व्हचं काळं टोक शून्यावरून २५-३० वर उचलायचं, पांढरं टोक २५५ वरून २४० वर आणायचं, आणि निळ्या चॅनेलचं (फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळ्याचं) पांढरं टोक आणखी खाली, २१५ च्या आसपास. एवढ्यानं उजळ भाग उबदार पिवळट होतो आणि गडद भाग जवळजवळ तटस्थ राहतो. हे आकडे सुरुवातीचे आहेत, फोटोप्रमाणे बदला. मग याच कर्व्हच्या मास्कमध्ये मोठ्या मऊ ब्रशनं मध्यभाग थोडा हलका करा, म्हणजे कडेला परिणाम जास्त राहील. कड मात्र वेडीवाकडी ठेवा. गोल गुळगुळीत व्हिन्येट (कडांना येणारा काळोख) हे लेन्सचं लक्षण आहे, म्हातारपणाचं नाही.

रंगीत फोटो असेल तर गोष्ट वेगळी. अंधारात, पेटीत ठेवलेल्या जुन्या रंगीत प्रिंटमध्ये बहुधा सायन (निळसर-हिरवं) रंगद्रव्य आधी उडतं, त्यामुळे सावल्या लालसर-तपकिरी होतात, आणि पांढरा भाग पिवळसर. तो परिणाम हवा असेल तर लाल चॅनेलचं काळं टोक ४०-४५ पर्यंत उचला आणि निळ्याचं पांढरं टोक खाली आणा. दोन हालचालींत निम्मं काम होतं.

चेहऱ्याचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर थोडं थांबतो. नेहमीचा सल्ला असतो की मास्कवर काळ्या ब्रशनं चेहऱ्यावरचं टेक्श्चर पुसून टाका. मीही बरीच वर्षं तेच करत होतो. त्यातली अडचण ही की चेहऱ्याभोवती एक स्वच्छ भोक तयार होतं. बाकी फोटो पन्नास वर्षांचा आणि चेहरा आजचा. शिवाय पुसताना त्या जागेचा उजेडही बदलतो, त्यामुळे चेहऱ्याभोवती वलय दिसतं. आता मी वेगळं करतो. टेक्श्चर लेयरची एक प्रत घेतो, तिला चांगला ३०-४० पिक्सेल ब्लर देतो, आणि फक्त चेहऱ्याच्या जागी मूळ टेक्श्चरऐवजी ही ब्लर प्रत दिसेल असे दोन्हींचे मास्क रंगवतो. चेहऱ्यावरून तडे आणि कण जातात, पण त्या भागाचा मळकटपणा, उजेडाची पातळी आसपासच्या भागासारखीच राहते. वलय येत नाही. मग ब्रशचा फ्लो १० टक्क्यांवर ठेवून थोडा मूळ पोत परत आणायचा, कपाळाच्या वरच्या भागात, गालाच्या कडेला, मानेवर. डोळे आणि ओठांच्या कोपऱ्यांना हात लावायचा नाही. तुमच्या आजोबांच्या चेहऱ्यावर स्वतःच्या सुरकुत्या आहेत. त्या खऱ्या आहेत, आणि टेक्श्चरच्या भेगा त्यांच्याशी भांडायला लागल्या तर हरतात त्या सुरकुत्याच. एखादा ओरखडा चेहऱ्यावरून जायलाच हवा असं वाटलं तर तो लांब, अखंड आणि चेहऱ्याबाहेर सुरू होऊन चेहऱ्याबाहेर संपणारा असू द्या. फक्त गालावर सुरू होऊन गालावरच संपणारी रेघ माणसाला झालेल्या जखमेसारखी दिसते.

फोटोशॉप वापरत असाल तर ब्लेंड इफचे (खालच्या उजेडाप्रमाणे लेयर लपवणारे) स्लायडरही शिकून घ्या. खालच्या लेयरचा काळा स्लायडर आल्ट दाबून दोन भागांत तोडला की गडद सावल्यांमधून टेक्श्चर हळूच नाहीसं होतं. स्क्रीन मोडवर लावलेली धूळ काळ्या कोटावर चांदण्यांसारखी चमकायची थांबते.

आता ग्रेन. फिल्मचा ग्रेन आणि डिजिटल नॉइज दिसायला जवळचे वाटतात, पण नॉइज पिक्सेलमागे एक असा तडतडतो, ग्रेनला स्वतःचा आकार असतो. चांदीच्या कणांचे पुंजके असतात ते. म्हणून ग्रेन बनवताना मधल्या राखाडीनं भरलेला एक लेयर घ्या, मोड ओव्हरले, त्यावर एकरंगी गॉशियन नॉइज टाका आणि मग तो किंचित ब्लर करा. ६००० बाय ४००० पिक्सेलच्या फाइलसाठी मी १० टक्के नॉइज आणि ०.७ पिक्सेल ब्लरपासून सुरुवात करतो. ओव्हरलेचा फायदा असा की अगदी काळ्या आणि अगदी पांढऱ्या भागावर तो परिणाम करत नाही, मधल्या छटांमध्येच ग्रेन उमटतो, आणि खऱ्या प्रिंटमध्येही तो तिथेच जास्त दिसतो. लाइटरूममध्ये हेच तीन स्लायडरवर आहे: प्रमाण, आकार, खरबरीतपणा. बहुतेक लोक प्रमाण वाढवतात, मी आकार आणि खरबरीतपणा वाढवून प्रमाण कमी ठेवतो.

ग्रेन किती मोठा हवा, हे कोणत्या निगेटिव्हची नक्कल करताय त्यावर ठरवा. कोडॅकची ट्राय-एक्स ही कृष्णधवल फिल्म ३५ मिमी रोलमध्ये १९५४ साली आली. त्या रोलची निगेटिव्ह ३६ बाय २४ मिलिमीटर, त्यातून मोठा प्रिंट काढला की ग्रेन स्पष्ट दिसतो. तीच फिल्म मोठ्या निगेटिव्हची असेल तर त्याच आकाराच्या प्रिंटमध्ये ग्रेन कितीतरी बारीक. स्टुडिओत मोठ्या कॅमेऱ्यानं काढल्यासारखं शांत पोर्ट्रेट आणि त्यावर वाळूसारखा ग्रेन, हे जुळत नाही.

मोबाइलवर ग्रेन गायब का होतो, तेही इथेच. ६००० पिक्सेलचा फोटो १६०० वर आणताना शेजारच्या पिक्सेलची सरासरी काढली जाते, आणि ग्रेन म्हणजे शेजारच्या पिक्सेलमधला फरक. सरासरीत तो मरतो. म्हणून आधी फोटो शेवटच्या आकाराला आणा आणि मग ग्रेन टाका, त्या आकारासाठी नव्यानं, साधारण ४-५ टक्के आणि ०.३ पिक्सेल ब्लर. आधी सांगितलेला क्रम न मोडता हे जमतं: ग्रेनचा लेयर खालीच राहतो, फक्त लहान केलेल्या प्रतीत तो बदलायचा. दुसरी गोष्ट कॉम्प्रेशनची. जेपेग चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून काम करतं, आणि कमी क्वालिटीवर आधी जातात ते बारीक फरक. ग्रेनऐवजी चौकोनी डबकी दिसायला लागतात. ग्रेनच्या फोटोची फाइल मोठीच होणार, ते मान्य करा आणि क्वालिटी ८५ च्या खाली नेऊ नका. मेसेज ॲपमधून पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ॲप त्याला हात लावत नाही.

टेक्श्चर स्वतः बनवा, असं मी आग्रहानं सांगतो. कारण अनुभवाचं आहे. सुरुवातीच्या काळात बारा फोटोंच्या एका मालिकेला मी एकच डाउनलोड केलेलं ओरखड्यांचं टेक्श्चर लावलं. एकेक फोटो पाहताना छान वाटत होतं. प्रिंट होऊन ओळीनं भिंतीवर लागले तेव्हा प्रत्येकाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तोच आकड्यासारखा वळलेला ओरखडा. पाहणाऱ्याला तो एकदा दिसला की मग दुसरं काही दिसेना. बारा जणांची छायाचित्रं होती, आणि सगळ्यांच्या वाट्याला एकच आयुष्य आलं होतं. ते सगळे प्रिंट मी माझ्या खर्चानं पुन्हा करून दिले.

बनवायला फार काही लागत नाही. धुळीसाठी स्कॅनरची काच न पुसता वर काळा कागद ठेवून स्कॅन करा: काळ्यावर पांढरे कण, स्क्रीन मोडसाठी तयार. ओरखड्यांसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा पॉलिश पेपरवर एकाच दिशेनं घासा, मग एक-दोन रेघा टाचणीनं ओढा आणि काळ्या कागदासह स्कॅन करा. घासायचं काम स्कॅनरपासून लांब करा, काच एकदा खरवडली की गेलीच. घडीसाठी फोटो पेपरवर गडद राखाडी रंगाचा एक पानभर प्रिंट काढा, घडी घाला, नखानं दाबा, उलगडा, पुन्हा उलट्या बाजूनं घाला. रंग तडकून खालचा पांढरा कागद तुटक रेघेत दिसायला लागतो. ती रेघ कुठल्याही ब्रशनं काढता येत नाही. डागांसाठी पाण्यात भिजवून उन्हात वाळवलेला जुन्या वहीचा कोरा कागद पुरतो. पाणी जिथे थांबलं तिथे कड गडद आणि आतला भाग फिका, हे खऱ्या पाण्याच्या डागाचं लक्षण. भिंत, गंजलेला पत्रा, लाकूड यांचे फोटो काढायचे तर कॅमेरा पृष्ठभागाला समांतर धरा, ॲपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ ८ च्या आसपास, सावलीत. उंचसखलपणा हवा असेल तेव्हाच उतरतं ऊन. टेक्श्चर फोटोपेक्षा लहान असेल तर ताणू नका. ताणलेलं टेक्श्चर मऊ होतं, आणि तीक्ष्ण फोटोवर मऊ ओरखडे हा खोटेपणा लगेच पकडला जातो.

कंप्युटर नसेल तर मोबाइलवरच्या स्नॅपसीड ॲपमध्येही हे जमतं. तयार ग्रंज फिल्टर सोडून द्या, डबल एक्सपोजरमध्ये स्वतःचं टेक्श्चर घ्या, मोड निवडा, आणि नंतर केलेल्या बदलांच्या यादीत जाऊन ब्रशनं हवं तिथेच ते रंगवा. मास्कच आहे तो, फक्त वेगळ्या नावानं.

आणखी जुन्या काळाकडे जायचं असेल तर नुसता पोत पुरत नाही, छटाही बदलाव्या लागतात. ओल्या कोलोडियनची, म्हणजे रसायन लावलेल्या ओल्या काचेवर फोटो टिपण्याची, पद्धत १८५१ सालची. त्या काचेला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे आकाश पांढरं, ओठ काळसर आणि कातडीवरचा प्रत्येक वांग, प्रत्येक तीळ उठून येतो. तो भास हवा असेल तर कृष्णधवल करताना फक्त निळा चॅनेल घ्या. मात्र टिनटाइप करत असाल तर त्यावर कागदाची घडी दाखवू नका. ती लोखंडी पत्र्यावरची प्रतिमा आहे. तिथे वाकलेला कोपरा, उडालेलं काळं वार्निश आणि त्याखालचा गंज असतो, आणि पांढरा रंगही कधी शुभ्र नसतो, राखाडीकडे झुकलेला असतो.

तुमच्या पोर्ट्रेटसाठी मी काय करेन ते सांगतो. भिंत काढून टाकेन. हा प्रिंट पाकिटात राहिला असं ठरवेन, कारण आजोबांचा एकट्याचा, छातीपर्यंतचा फोटो माणूस जवळ बाळगतो. एकच आडवी घडी देईन, छातीवरून, चेहऱ्याच्या बऱ्याच खाली. कोपरे झिजवेन, चारही वेगवेगळे. खिडकीकडचा उजळ भाग आधीच जवळजवळ पांढरा असणार, तिथे तपशील आणखी विरू देईन, कारण खऱ्या प्रिंटमध्ये तोच आधी गेला असता. ग्रेन बारीक ठेवेन. रंग मूळ फाइल १६ बिटमध्ये (जास्त बारीक छटा साठवणाऱ्या स्वरूपात) उघडूनच बदलेन, नाहीतर मागच्या भिंतीच्या सपाट छटांमध्ये पट्टे पडतात. मूळ फोटो आणि लेयरची फाइल दोन्ही वेगळी जपून ठेवेन, आणि घरात कुणाला दिला तर हा नवा फोटो आहे हे मागे पेन्सिलनं तारखेसह लिहून देईन. आणखी पन्नास वर्षांनी कुणी तो दुरुस्तीला आणला तर त्याला कोणती घडी खरी आणि कोणती छापलेली ते कळायला हवं.

प्रिंट मॅट कागदावर काढा, पण त्या कागदाला स्वतःचा खरबरीत पोत असेल तर फाइलमधला कागदाचा पोत बंद करून फक्त घडी, डाग आणि ग्रेन ठेवा. आधी तळहाताएवढ्या तुकड्यावर घडी आणि एक डोळा येईल असा भाग छापून पाहा. स्क्रीनपेक्षा प्रिंटवर ग्रेन दबलेला दिसतो, तेव्हा थोडा वाढवावा लागेल. घडीचा पांढरा मात्र प्रिंटवर जास्त टोचतो, तो थोडा खाली आणा.